वाळू उपसण्याआधी समुद्रतळ वाचून घ्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला झाली. त्याआधी आणि नंतरही मच्छीमारांची रोजीरोटी, डहाणूचे पर्यावरण, रोजगार, भूसंपादन यांवर वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून आले, आणि ते यायलाच हवे होते. एक विषय मात्र त्या चर्चेत जवळजवळ आलाच नाही. ज्या समुद्रतळावर भराव पडणार आणि ज्या तळातून वाळू उपसली जाणार, त्यात जुने काय दडले आहे आणि ते कोण बघणार? बंदर व्हावे की होऊ नये, याबद्दल हे पत्र नाही. बंदर असो, वायुवाहिनी असो, समुद्रातल्या पवनचक्क्या असोत की इंटरनेटची केबल, तळाला हात लावण्याआधी पुरातत्त्वीय पाहणी कशी करायची, ती न केल्यास काय बिघडते आणि आपल्या किनाऱ्यावर परदेशी नियमावली जशीच्या तशी का चालत नाही, एवढेच सांगायचे आहे.

वाढवणला १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटारोधक भिंत घालायची आहे. भरावासाठी वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून आणायची, अशी योजना आहे. म्हणजे तळ दोन ठिकाणी बदलणार. एके ठिकाणी तो कायमचा गाडला जाणार, दुसऱ्या ठिकाणी खरवडून नेला जाणार. गाडलेला अवशेष निदान जागेवर तरी राहतो. खरवडलेला पंपातून जातो आणि भरावाच्या पोटात विखुरतो. म्हणून आम्हाला जास्त काळजी वाळूच्या खाणीची वाटते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यापुढचा उथळ खंडमंच, म्हणजे जमिनीचाच पाण्याखाली गेलेला सपाट भाग, सर्वांत रुंद आहे तो नेमका दमणसमोर, ३०० किलोमीटरहून अधिक. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तो सगळा पट्टा तेव्हा मैदान होता आणि तापी, दमणगंगा, वैतरणा त्यावरून पुढे वाहत होत्या. आज २५-३० मीटर पाण्याखाली असलेली जागा साधारण नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत कोरडी होती. बांधकामाला लागणारी जाड, स्वच्छ वाळू बहुधा अशा बुडालेल्या नदीपात्रांच्या आणि जुन्या किनाऱ्यांच्या आसपास मिळते, आणि त्या काळची माणसेही पाण्याच्या कडेनेच वावरत. कंत्राटदाराला हवी ती जागा आणि पुरातत्त्वज्ञाने आधी बघायला हवी ती जागा अशी एकच निघते.

मुंबईकरांना हे पटायला दूर जावे लागत नाही. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉकची खोदाई चालू असताना चिखलाखाली बुडालेले जंगल सापडले होते. तीनशेहून अधिक झाडे, त्यातली निम्म्याहून जास्त मुळांसकट उभी, आणि लाकूड बहुतांशी खैराचे. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही, तेव्हा ती जमीन एके काळी भरतीच्या वर होती, हे त्या झाडांनी सिद्ध केले. गोदीच्या अभियंत्यांनी झाडे मोजली आणि नोंद छापली, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहेत. आजचा ड्रेजर, म्हणजे तळ उपसणारे जहाज, तशी झाडे भुसा करून हॉपरमध्ये, म्हणजे आपल्या पोटातल्या कोठीत, टाकील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

नोंद न ठेवता वस्तू वर काढली की काय होते, त्याचे उदाहरण दमणच्या उत्तरेला खंबातच्या आखातात आहे. प्रदूषणाच्या पाहणीसाठी घेतलेल्या सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी तळ दाखवणाऱ्या यंत्राच्या, चित्रांत चौकोनी, रेषेत असलेले आकार दिसले, आणि मे २००१ मध्ये तिथे बुडालेले शहर असल्याची घोषणा झाली. नंतर तळ उपसून काही वस्तू वर काढण्यात आल्या. लाकडाच्या एका तुकड्याचे वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघाले. पण ते लाकूड कोणत्या थरातले, मातीचे तुकडे त्याच थरातले की प्रवाहाने कुठून वाहत आलेले, हे सांगणारी एकही गोष्ट हाती नव्हती. त्या आखातात भरती-ओहोटीचा जोर भयंकर आहे. वाद आजही तिथेच अडकलेला आहे. नऊ हजार वर्षांचे लाकूड समुद्रात कुठेही मिळू शकते. त्याच्या शेजारी, त्याच थरात, चुलीची राख सापडली तर तो पुरावा होतो.

आता पाहणीबद्दल. कोणत्याही समुद्री प्रकल्पासाठी तळाचे सर्वेक्षण होतेच. बोट भाड्याने घेतलेली असते, सोनार लावलेला असतो, बोअर मारलेले असतात. मात्र अभियंत्याला हवी असते खोली, खडकाची पातळी आणि वाळूचा साठा. त्यासाठी सर्वेक्षणाच्या रेषा, म्हणजे बोटीच्या समांतर फेऱ्या, एकमेकींपासून १०० मीटर किंवा त्याहूनही दूर ठेवल्या तरी त्याचे भागते. अवशेष शोधायला हे अंतर निरुपयोगी आहे, आणि याचे गणित साधे आहे. मॅग्नेटोमीटर लोखंड ओळखतो, पण त्याला मिळणारा इशारा अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. एक टन वजनाची लोखंडी तोफ १० मीटरवरून चुंबकीय क्षेत्रात साधारण १० नॅनोटेस्लाचा (हे त्या क्षेत्राचे माप) फरक दाखवते. रेषा १०० मीटर अंतरावर असतील तर दोन रेषांच्या मधोमध पडलेली तोफ यंत्रापासून ५० मीटर दूर राहते आणि फरक उरतो ०.०८. समुद्रावर बोटीच्या हेलकाव्यांचा गोंगाटच एक-दोन नॅनोटेस्लाचा असतो, त्यात ती तोफ नाहीशी होते. रेषा ३० मीटरवर आणल्या आणि यंत्र तळापासून ६ मीटरच्या आत ओढले, तर सर्वांत वाईट स्थितीत अंतर १६ मीटर होते आणि फरक दोनच्या थोडा वर जातो. जाणकार डोळ्याला तेवढा पुरतो. अमेरिकेच्या समुद्री पवनऊर्जा प्रकल्पांसाठी हेच ३० आणि ६ मीटरचे आकडे धरले जातात, ते या हिशेबाशी जुळतात.

खर्चाचे कारण इथे लगेच पुढे येते, म्हणून तेही मोजून दाखवतो. १० चौरस किलोमीटरचा पट्टा १०० मीटरच्या रेषांनी बघायचा तर १०० किलोमीटर बोट चालवावी लागते. ३० मीटरच्या रेषांनी सुमारे ३३०. चार नॉटच्या वेगाने पहिल्याला साडेतेरा तास लागतात, दुसऱ्याला ४५. वळणे, हवामान, यंत्र वर-खाली करणे धरले तरी फरक काही दिवसांचा. वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रकल्पात हे काही दिवस सापडत नाहीत, हे आम्हाला मान्य नाही. बोट परत गेल्यावर तेच काम पुन्हा करायचे तर मात्र पूर्ण मोहिमेचा खर्च नव्याने येतो. म्हणून ही अट सर्वेक्षणाच्या निविदेत आधीच असायला हवी.

साइड स्कॅन सोनारमध्येही अशीच एक मेख आहे. पाण्यात ओढल्या जाणाऱ्या यंत्राच्या बरोबर खालची पट्टी त्याला नीट दिसत नाही. प्रत्येक जागा शेजारच्या रेषेवरून दुसऱ्यांदा दिसेल इतकी व्याप्ती एकमेकींवर चढवावी लागते. पल्ला दोन्ही बाजूंना ५० मीटरपेक्षा जास्त ठेवला की अर्ध्या मीटरची वस्तू चित्रात एका ठिपक्याएवढी होते आणि दगडाच्या ढिगात मिसळून जाते. यंत्र तळापासून पल्ल्याच्या साधारण दहा टक्के उंचीवर ओढायचे, म्हणजे ५० मीटरला ५ मीटर. उंची वाढली की सावली आखूड होते, आणि सोनारच्या चित्रात वस्तू ओळखू येते ती तिच्या सावलीवरून. अहवालाला जोडलेले छापील चित्र पुरातत्त्वज्ञाच्या कामाचे नसते. त्याला मूळ डेटा लागतो. तो कंत्राट संपल्यावर कंपनीच्या कपाटात जातो आणि परत कधी बाहेर येत नाही.

इथपर्यंतचे कुठल्याही समुद्राला लागू आहे. आपल्या किनाऱ्याच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तर महागडी पाहणी करूनही हाती शून्य येईल.

कोकणचा तळ बेसाल्टचा. बेसाल्टमध्ये स्वतःचेच चुंबकत्व असते. खडपाच्या कडेने मॅग्नेटोमीटर ओढला की सुई सतत नाचते आणि तोफ कोणती, खडक कोणता हे कळत नाही. त्याहून मोठी अडचण जुन्या गलबतांची. अरबी समुद्रात कित्येक शतके फळ्यांना भोके पाडून त्या काथ्याने शिवत, खिळा मारतच नसत. अशा होडीत लोखंड जवळजवळ नाही. उत्तर युरोपच्या थंड पाण्यातल्या जहाजांवर बेतलेली पद्धत इथे आंधळी ठरते. लाकूड उघडे राहिले तर आपल्या उबदार पाण्यात पोखरणारे शिपवर्म थोड्याच वर्षांत त्याची चाळण करतात. उरतात ते समतोलासाठी तळात भरलेले दगड, ज्यांना नीरम म्हणत, थोडी खापरे, आणि नांगर.

हा नांगर कसा ओळखायचा ते सांगतो, कारण तो नुसता दगड समजून हजारदा फेकला गेला असेल. हिंदी-अरबी पद्धतीचा दगडी नांगर म्हणजे लांबट, चौकोनी छेदाचा खांब, वरच्या टोकाकडे निमुळता होत गेलेला. वरच्या टोकाला दोर ओवायचे गोल भोक. खालच्या रुंद भागात दोन चौकोनी आरपार भोके, एकमेकांशी काटकोनात. त्यांत लाकडी फाळ ठोकत, ते चिखलात रुतत. लाकूड कुजून जाते, भोके राहतात. असे नांगर द्वारका-बेट द्वारकेच्या समुद्रात मोठ्या संख्येने मिळाले आहेत, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्गच्या आसपासही मिळाले आहेत. बेसाल्टचा नांगर बेसाल्टच्या खडपावर पडलेला असेल तर सोनार आणि मॅग्नेटोमीटर दोन्ही हात टेकतात. तिथे पाणबुड्याच लागतो. आणि पाणबुड्याला दिसेल असे पाणी पावसाळा व त्यामागचा गढूळपणा सोडून, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्चपर्यंत असते. सर्वेक्षणाचे वेळापत्रक मेअखेरीस संपवायचे म्हणून एप्रिलमध्ये पाणबुडे बोलावले, तर ते हाताने चाचपडून काय नोंद करणार?

खाडीच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगतच्या चिखलात आणखी एक अडथळा येतो. कुजलेल्या सेंद्रिय गाळातून निघालेला वायू थरांत अडकलेला असतो. तळाखालचे थर दाखवणाऱ्या यंत्राचा आवाज त्या वायूवर आपटून परत येतो आणि खालचे सगळे काळे दिसते. अशा जागी गाळाचे नळे, म्हणजे कोअर, काढण्याला पर्याय नाही. अभियंते ते काढतातच. तोच नळा प्रयोगशाळेत दाब-चाचणीसाठी कापण्याआधी भूपुरातत्त्वज्ञाने उभा चिरून बघितला, त्यातला काळा पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा, थर, खारफुटीची मुळे, कोळशाचे कण वेगळे काढून त्यांचे कार्बन वय काढले, तर बुडालेल्या जमिनीचा अख्खा इतिहास जवळजवळ फुकटात मिळतो. चाचणीनंतर तो मलबा म्हणून टाकला जातो.

विजयदुर्गाचे बघा. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गच्या बंदरात जळून गेले. जळणारे जहाज पाण्याच्या रेषेपर्यंत जळते; तिथून खालचा भाग नीरमाच्या वजनाने तळाशी बसतो आणि गाळाखाली हवा न लागता टिकू शकतो. गुराब, म्हणजे त्या आरमारातले तोफांचे मोठे जहाज, नेमकी कशी बांधत, कणा कोणत्या लाकडाचा, फळ्या शिवलेल्या की खिळ्यांच्या, तोफांचे वजन पेलायला आतून आधार कसा दिलेला, याचे अस्सल उत्तर वाघोटण खाडीच्या त्या चिखलात असण्याची शक्यता आहे. मराठा आरमाराबद्दल आपण एवढ्या अभिमानाने बोलतो, पण त्या काळची एकही गुराब आपल्यापाशी नाही. किल्ल्याजवळ पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची दगडी भिंतही नोंदलेली आहे. जुलै २०२५ मध्ये विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चारही जलदुर्ग मराठा लष्करी भूप्रदेशांचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले. तट-बुरुजांना संरक्षण मिळाले. ज्या पाण्यासाठी ते बांधले, त्या पाण्याखाली काय आहे याचा संपूर्ण नकाशा मात्र अजून झालेला नाही. या खाड्यांत नवा धक्का किंवा गाळउपसा करायचा असेल, तर पहिली बोट पुरातत्त्वाची असायला हवी.

गोव्यात हे काम किती बोलके ठरू शकते ते दिसले आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७ मध्ये सुंची रीफवर जेमतेम ३ ते ६ मीटर पाण्यात सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तपासले. तोफा, चिनी मातीची भांडी, हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात: आफ्रिका, चीन आणि गोवा एका खडपावर. सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशनच्या कारखान्याचा शिक्का असलेली कौले मिळाली. मंगळुरी कौलांचा व्यापार समुद्रमार्गे कसा चाले, याचा तो प्रत्यक्ष पुरावा. ड्रेजरच्या तोंडी गेली असती तर ही कौले नुसता चुरा ठरली असती.

बाहेरच्या देशांनी चुका करूनच हे शिकून घेतले. मेक्सिकोच्या आखातात २००१ साली सुमारे ८०० मीटर खोल पाण्यात वायुवाहिनी टाकून झाल्यावर तपासणीत दिसले की ती एका जुन्या लाकडी जहाजाच्या बरोबर मधून गेली आहे. पुढच्याच वर्षी त्याच आखातात दुसऱ्या वाहिनीच्या पाहणीत आणखी एक जहाज दिसले. या वेळी ते वेळेत दिसले, म्हणून २००७ मध्ये त्याचे पद्धतशीर उत्खनन होऊ शकले. नॉर्वेत ऑर्मेन लांगे वायुप्रकल्पाच्या मार्गात १७० मीटर खोलीवर अठराव्या शतकातले जहाज आले. वाहिनी वळवायला जागा नव्हती, तेव्हा दूरनियंत्रित यंत्रांनी त्याचे उत्खनन केले आणि खर्च विकासकाने दिला. तिथला कायदाच तसा आहे. बाल्टिकमध्ये नॉर्ड स्ट्रीम वाहिनीला वाट देण्यासाठी १७१५ साली अडथळा म्हणून बुडवलेल्या जहाजांपैकी एकच जहाज नोंद करून उचलले, बाकी रांग जागेवर ठेवली.

वाळूच्या खाणीला सर्वांत जवळचे उदाहरण इंग्लंडच्या ग्रेट यारमथसमोरच्या २४० क्रमांकाच्या उपसा क्षेत्राचे. तिथून आलेल्या खडीच्या ढिगात, नेदरलँड्समधल्या एका धक्क्यावर, यान मेउल्मेस्टर या हौशी संशोधकाला पुराश्मयुगीन दगडी अवजारे दिसली, त्यात २८ हातकुऱ्हाडी. २००८ मध्ये ती बातमी जाहीर झाली. ती अवजारे खंबातच्या वस्तूंसारखी अधांतरी राहिली नाहीत, याचे कारण महत्त्वाचे आहे. ड्रेजर कोणत्या दिवशी कोणत्या पट्ट्यात चालला याची नोंद होती आणि तो माल कोणत्या खेपेचा हे धक्क्यावर माहीत होते. तिथून मागे जात जागा सापडली, तो भाग उपशातून वगळला गेला, आणि पुढच्या पाहणीत ते थर दोन लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचे निघाले.

ती नोंद शक्य झाली कारण ब्रिटनच्या समुद्री वाळू उद्योगाने २००५ पासून सापडलेल्या वस्तूंसाठी कार्यपद्धती स्वीकारली होती. आपल्याकडे ती बसवायला कोणताही नवा कायदा लागत नाही, कंत्राटात दोन पाने पुरतात. ओढत चालणारा सक्शन ड्रेजर एका फेरीत दोन-तीन मीटर रुंद आणि साधारण अर्धा मीटर खोल चर पाडतो. ड्रॅगहेडवर, म्हणजे तळ ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडावर, जाळी असते, मोठी वस्तू तिथे अडकते, छोटी हॉपरमध्ये जाते. जाळी साफ करणाऱ्या खलाशाला काय बघायचे ते चित्रांसह मराठी, गुजराती, हिंदीत दाखवायला हवे: भोक पाडलेला दगड, घडीव लाकूड, खापर, तोफगोळा, हाड, आणि गंजाच्या ढेकळात अडकलेले काहीही. जहाजावर एक माणूस नेमलेला असावा. वस्तू दिसली की वेळ, पट्टा आणि जीपीएस लिहून घ्यायचे, मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा, त्या जागेच्या ५० मीटर आसपास उपसा तात्पुरता थांबवून ड्रेजर दुसऱ्या पट्ट्यात न्यायचा, आणि किनाऱ्यावरच्या नेमलेल्या पुरातत्त्वज्ञाला त्याच दिवशी कळवायचे. काम बंद पडत नाही, फक्त जागा बदलते. खलाशाने वस्तू दाखवली म्हणून त्याचा पगार कापला जाणार नाही, हे त्याला लेखी सांगितलेले असावे. नाहीतर ती वस्तू मुकाट्याने परत पाण्यात जाईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

वस्तू हाताळण्यात तर हमखास चूक होते. लोक ती धुतात, पुसतात आणि उन्हात वाळत ठेवतात. शतकानुशतके पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशींचा आकार पाण्यानेच टिकलेला असतो. पाणी उडून गेले की लाकूड आक्रसते, तडकते, पिळवटते, आणि ते पूर्ववत करता येत नाही. लोखंडात क्लोराइड मुरलेले असतात. कोरडे पडताच हवेशी संयोग होऊन ते पापुद्र्या-पापुद्र्यांनी फुटते. मातीच्या भांड्यात मिठाचे स्फटिक वाढून वरचा झिलईचा थर उडवतात. म्हणून प्लास्टिकच्या बादलीत समुद्राचेच पाणी, वर झाकण, सावलीत. गंजाचे ढेकूळ हातोडीने फोडू नये. पुष्कळदा आतले लोखंड विरघळून गेलेले असते आणि मूळ वस्तूचा आकार त्या पोकळीतच उरलेला असतो. क्ष-किरणाने तो दिसतो, हातोडीने जातो.

थेट धडक बसली नाही तरी नुकसान होते. केबल टाकण्याआधी तिच्या मार्गावरून लोखंडी आकडे ओढून जुनी जाळी, दोर साफ करतात. ते आकडे तळात अर्धा ते एक मीटर घुसतात आणि बुडालेल्या होडीच्या फासळ्या दोरासारख्याच उपटून आणतात. पवनचक्कीच्या खांबाभोवती प्रवाह तळ कोरतो. संरक्षण नसेल तर तो खळगा खांबाच्या व्यासाच्या साधारण १.३ पट खोल जातो, म्हणजे ८ मीटरच्या खांबाला १० मीटर. लाटारोधक भिंतीने प्रवाह वळतात आणि भिंतीपासून दूर कुठेतरी गाळाचे पांघरूण निघून जाते. शेकडो वर्षे झाकलेले लाकूड उघडे पडते आणि पोखरायला सुरुवात होते. म्हणून अवशेषाभोवती ५० ते १०० मीटरचा पट्टा सोडायचा, त्यात नांगरही टाकायचा नाही, आणि काम संपल्यावर एक, तीन, पाच वर्षांनी पुन्हा सोनार फिरवायचा. कामाच्या बोटींचे नांगर आणि साखळ्या हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण नकाशावर वगळलेल्या जागेत ड्रेजर जात नाही, पण त्याला मदत करणारी टग बोट सर्रास नांगर टाकते.

कायद्याची स्थिती तोकडी आहे. प्राचीन स्मारकांचा १९५८चा कायदा अधिसूचित स्मारकाला १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा नियंत्रित पट्टा देतो, पण पाण्याखालची जागा अधिसूचितच नसेल तर त्याचा उपयोग नाही. २००६च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या अर्जात १५ किलोमीटरच्या परिघातल्या संरक्षित सांस्कृतिक जागा विचारतात. समुद्रतळावर संरक्षित म्हणून काही नोंदलेलेच नसते, तेव्हा उत्तर "नाही" असे येते आणि ते कागदोपत्री खरेही असते. २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेत मात्र पुरातत्त्वीय महत्त्वाची क्षेत्रे आणि वारसास्थळे सर्वांत कडक वर्गात धरली आहेत, आणि तिची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत जाते. हे कलम समुद्रातल्या जागांना लावता येते. त्यासाठी किनारा आराखड्याच्या नकाशांवर त्या जागा दाखवाव्या लागतील. पाण्याखालच्या वारशाबद्दलच्या युनेस्कोच्या २००१च्या करारावर भारताने सही केलेली नाही. ब्रिटननेही केलेली नाही, तरी त्याच्या परिशिष्टातले नियम तो देश उत्तम कार्यपद्धती म्हणून मानतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे २००१ पासून पाण्याखालच्या पुरातत्त्वाची शाखा आहे, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे त्याहून जुना अनुभव आहे. ज्ञान देशात आहे. त्यांना बोलावणे येते ते बहुतेक वेळा निविदा निघून गेल्यावर.

राज्य सरकार आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आमची मागणी नेमकी आहे. यापुढच्या प्रत्येक बंदर, धक्का, गाळउपसा आणि समुद्री वाळूच्या सर्वेक्षण निविदेत ३० मीटरच्या रेषा, मॅग्नेटोमीटर, कोअरचे पुरातत्त्वीय वाचन आणि मूळ डेटा राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे जमा करण्याची अट घालावी. तळाला हात लावण्याच्या परवान्यावर त्या वाचनानंतरच सही व्हावी. सापडलेल्या वस्तूंची कार्यपद्धती प्रत्येक ड्रेजरच्या कंत्राटाचा भाग असावी. वाढवणच्या वाळूसाठी हे आधीच झाले असेल तर ते अहवाल लोकांसमोर ठेवावेत. झाले नसेल तर वाळू उचलण्याआधी करावे. दमणचा समुद्र केंद्राच्या अखत्यारीत आहे, तेव्हा केंद्रीय मंत्रालयाशी हा पत्रव्यवहार राज्याने स्वतः सुरू करावा.

आणि हे सगळे सुरू होण्याची वाट न बघता एक काम याच हंगामात करता येईल. प्रत्येक बंदरातल्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्याला, ठाऊक असते की अमुक इतक्या वाव (खोलीचे जुने माप) पाण्यात, अमुक डोंगर आणि अमुक मंदिराचा कळस एका रेषेत आला की जाळे अडकते. त्यातल्या कित्येक जागा खडपाच्या असतील, काही नुसत्या जुन्या जाळ्यांच्या, पण काही बुडालेल्या जहाजांच्या असतील, आणि त्या कोणत्याही नकाशावर नाहीत. मच्छीमार सोसायट्यांच्या कार्यालयांत एक वही ठेवावी: जागा, खोली, जाळ्यात काय आले, कोणत्या साली. हल्ली बोटीवर जीपीएस असतोच, त्याचे आकडेही लिहून घ्यावेत. वहीची प्रत संचालनालयाकडे जावी आणि नोंद करणाऱ्याच्या मासेमारीच्या जागा गुप्त राहतील याची लेखी हमी त्याला मिळावी, कारण त्या जागाच त्याचे भांडवल असतात. जुने तांडेल दरवर्षी कमी होत आहेत आणि डोंगर-कळसाच्या खुणा त्यांच्या तोंडीच आहेत. दर्यात बोटी उतरण्याआधी, नारळी पौर्णिमेपर्यंत, सगळे किनाऱ्यावर असतात. वह्या त्याच दिवसांत फिरवाव्यात.

आपले,
सागरी सर्वेक्षण आणि पुरातत्त्व या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक,
रत्नागिरी